सुरती हुरडा

नोव्हेंबरमध्ये आमच्या मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी इटलीच्या सहलीची जाहिरात टाकली. टस्कनीतल्या शेतावर आठ दिवस राहायचं, ऑलिव्ह तोडायचे, गावातल्या आजीकडून पास्ता लाटायला शिकायचं. खाली किंमत युरोमध्ये. मग हसून हसून ठरलं, आपण हुरडा पार्टीला जाऊ. जानेवारीतला रविवार पक्का झाला, सकाळची मिस्सा झाल्यावर निघायचं.

मी उत्साहात थोडं वाचून काढलं. इटलीत १९८५ साली शेतावरच्या पर्यटनासाठी कायदा झाला. शेती हाच मुख्य व्यवसाय राहायला हवा, पाहुणचार तिला जोड म्हणून, असं त्यात होतं. आपल्याकडे पांडुरंग तावरे यांनी २००५ पासून बारामती भागात कृषी पर्यटन रुजवलं आणि २०२० मध्ये राज्याचं धोरणही आलं. आणखी एक गंमत कळली. हुरड्यासाठी जी गोड, कोवळ्या दाण्याची ज्वारी लावतात, तिच्या एका जातीचं नावच 'सुरती'. आमचं घर सुरतला!

नाताळच्या सुट्टीत घरी गेल्यावर पप्पांकडे सातशे रुपये मागितले.

"हुरड्याचे पैसे?" ते एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ते मला अडाजणला पोंक खायला घेऊन गेले. सुरतेत हुरड्याला पोंक म्हणतात. भट्टीत भाजलेली कणसं कापडात बांधून काठीने झोडपतात, मग हिरवे दाणे मोकळे होतात. लिंबू-मरीची शेव, साकरिया दाणे, लसणाची चटणी. मी मस्त खात होते. पप्पांनी मात्र पोंक हातावर घेतला आणि दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले. दाणे तर आधीच साफ केलेले होते.

मग ते बोलले. आमचं गाव नगर जिल्ह्यात, हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला जाताना वाटेत लागतं. आम्हाला शेत नव्हतं. आजी दुसऱ्याच्या ज्वारीत पाखरं राखायला जायची, दिवसभर गोफण फिरवायची. पप्पा तेव्हा नऊ वर्षांचे. एकदा त्यांनी दोन कणसं मोडून बांधावर भाजली. धूर दिसला. मालक त्यांना काहीच बोलला नाही, पण संध्याकाळी आजीची त्या दिवसाची मजुरी कापली.

"आई मला रागावलीसुद्धा नाही," पप्पा म्हणाले. "नुसतं विचारलं, गोड होती का?"

पुढे एकोणिसाव्या वर्षी ते सुरतला लूमवर आले. पैसे त्यांनी दुसऱ्या दिवशी दिले, न मागता.

मी गेले सहलीला. खोटं कशाला बोलू, मजा आली. शेतमालक साधा माणूस होता. ज्वारी विकून खर्चसुद्धा निघत नाही, हुरड्याच्या दोन-तीन महिन्यांवर वर्ष निघतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्यांचं शेत टिकतंय, हे चांगलंच आहे. पण आगटीपाशी एक बाई बसल्या होत्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून कणीस काढायचं, गरम गरम चोळायचं, फुंकर मारून ताटात टाकायचं. तळवे काळे झालेले. सगळे त्यांचा व्हिडिओ काढत होते. मीही मोबाईल काढला होता, तो परत पर्समध्ये ठेवला.

"मावशी, तुम्ही खाल्लात का?"

"तुमचं होऊ द्या आधी."

मी शेजारी बसले. एक कणीस घेऊन चोळायला लागले. हात असे पोळले की डोळ्यांत पाणी आलं. मूठभर दाणे निघाले, निम्मी फोलपटंच. तरी ते आधी त्यांना दिले. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले आणि बाकीचे पदराच्या टोकाला बांधले. "नातवाला," म्हणाल्या.

यात मी काही मोठं केलं नाही. संध्याकाळी आमची बस निघाली आणि त्या तिथेच होत्या. पण शेत वाचलं म्हणजे शेतावर राबणाऱ्या बाईला तिचा घास मिळाला असं नाही, एवढं मला कळलं. पुढच्या वर्षी मंडळाची सहल ठरेल तेव्हा कामावरची माणसंही आपल्या पंगतीला बसतील का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं, असा माझा प्रस्ताव आहे.

रात्री पप्पांना फोन केला.

"हात भाजले का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बरोबर चोळलंस," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "गोड होता का?"