पाहिलेलें गाणें व ऐकलेलें गाणें

'व्यक्ति तितक्या प्रकृति' ही म्हण गाण्याच्या आवडीस जितकी लागू पडते, तितकी दुसऱ्या कशासहि क्वचितच पडत असेल. आमच्या वर्गांत 'उत्तम गाणें कोणतें?' असा प्रश्न निघाला कीं, जितकीं डोकीं तितकीं उत्तरें येतात, आणि मधली सुट्टी संपली तरी वाद संपत नाहीं. ह्या वादांत मीहि हिरिरीनें भाग घेतों. मला गातां येत नाहीं. रागदारीचें ज्ञान मजपाशीं नाहीं. पेटीवर माझीं बोटें चालत नाहींत. तानसेन होण्याची आशा नसलेला, परंतु कानसेन म्हणवून घेण्यास उत्सुक असा मी एक सामान्य श्रोता आहें. तेव्हां पुढील विचार कोणा जाणकाराचे नव्हेत, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

वडील मंडळींची नेहमींची तक्रार अशी कीं, हल्लींच्या गाण्यांत ना अर्थ, ना चाल; आहे तो नुसता गोंगाट. ही तक्रार मला सर्वस्वीं मान्य नाहीं. आज जुनें म्हणून ज्याला आपण मान देतों, तें प्रत्येक गाणें एके काळीं नवेंच होतें. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट १९३६ सालीं निघाला. त्यांत शांताराम आठवले यांनीं लिहिलेलें व केशवराव भोळे यांनीं चाल दिलेलें एक पद आहे. तें इतकें साधलें कीं, कित्येक लोक तें तुकाराममहाराजांचाच अभंग समजत आले. तीनशें वर्षांचें जुनें समजलें गेलेलें पद त्या वेळीं अगदीं ताजें होतें! नवेपणा हा दोष असता तर असें कधींच घडलें ना.

माझ्या आवडीचीं नवीं गाणीं कोणतीं, तें आतां सांगतों. 'जोगवा' हा चित्रपट माझ्या जन्मापूर्वीं निघाला, तरी माझ्या यादींत तो पहिला आहे. त्याच्या संगीतासाठीं अजय-अतुल ह्या बंधूंस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, व त्यांतील एका द्वंद्वगीतासाठीं हरिहरन् आणि श्रेया घोषाल ह्या दोघांचाहि तसाच गौरव झाला. त्या गीतांत आवाज चढतो तो आरडाओरडीनें नव्हे, तर भावना अनावर झाल्यानें. दुसरा 'सैराट'. २०१६ सालच्या ह्या चित्रपटानें महाराष्ट्रांतील एकहि लग्न, एकहि गणपतिविसर्जन मोकळें सोडलें नाहीं. त्याचें 'झिंगाट' आमच्या गल्लींतील तान्ह्या मुलांसहि ठाऊक आहे.

'महाराष्ट्र शाहीर' हा २०२३ सालचा चित्रपट मला निराळ्याच कारणानें जवळचा वाटतो. शाहीर साबळे यांचें गांव पसरणी. पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर व पांचगणी ओलांडलें आणि पलीकडे वाईच्या बाजूस उतरलें कीं, पसरणी लागते. राजा बढे यांनीं लिहिलेलें, श्रीनिवास खळे यांनीं चाल बांधलेलें व शाहिरांनीं गायिलेलें महाराष्ट्रगीत २०२३ सालींच आपलें राज्यगीत झालें. तें आम्ही शाळेंत म्हणतों, तेव्हां घाटापलीकडच्या शेजाऱ्याचेंच गाणें म्हणत आहों असें मला वाटतें.

अगदीं अलीकडचीं म्हणावीं तर २०२४ सालचीं दोन गाणीं सांगतों. एक 'तांबडी चामडी'. त्याचा ठेका यांत्रिक, विलायती नाचघरांतला आहे. पण त्यांत कौतुक केलें आहे तें गोऱ्या कातडीचें नव्हे, उन्हांत तापलेल्या आपल्या रंगाचें. 'गोरी गोरी पान' म्हणून गोडवे गाणाऱ्या असंख्य गाण्यांच्या गर्दींत हा विचार मला फार आवडला. दुसरें संजू राठोड यांनीं लिहिलेलें व गायिलेलें 'गुलाबी साडी'. त्याच्या पाठीशीं मोठा चित्रपट नव्हता. जळगांवकडच्या एका तरुणाचें तें गाणें देशभर गेलें. माझ्या धाकट्या बहिणीस तें तोंडपाठ आहे. घरांतील इतरांसहि तें आतां, इच्छा असो वा नसो, पाठ झालें आहे.

येथवर गाण्याविषयीं झालें. परंतु आमच्या पिढीचें गाणें नुसतें गाणें नसतें. त्याला चित्रफीत असते. पूर्वीं लोक विचारीत, 'अमुक गाणें ऐकलेंस का?' आम्ही विचारतों, 'अमुक गाणें पाहिलेंस का?' बोलण्यांतील हा फरक लहान नाहीं. एकदां घड्याळ समोर ठेवून मीं एका प्रसिद्ध गाण्याच्या चित्रफितींतील दृश्यें मोजूं लागलों. तीन आंकडे मोजून होण्यापूर्वींच समोरचें दृश्य बदलावें, असा तो प्रकार होता. मोटार, समुद्र, पोशाख, पुन्हां मोटार! गाणें संपल्यावर मोटारीचा रंग मला आठवत होता. दुसरें कडवें आठवत नव्हतें.

सर्वच चित्रफिती अशा असतात असें माझें म्हणणें नाहीं. 'झिंगाट'च्या चित्रणांतील पोरें नाचण्याचें शिक्षण घेतलेलीं दिसत नाहींत; आमच्या विसर्जनाच्या मिरवणुकींतील पोरांसारखींच तीं दिसतात, व त्यांतच त्याची गोडी आहे. पण मला त्याहूनहि आवडणारी एक चित्रफीत आहे. ती शक्ति-तुऱ्याच्या नाचाची आहे. गणपतीच्या दिवसांत मुंबईकर चाकरमानी पोलादपुराकडच्या गांवीं येतात, तेव्हां हा नाच होतो. मध्यें गाणारे व ढोलकीवाला बसतात, भोंवतीं पायांत घुंगरू बांधलेले नाचणारे गोल धरतात, आणि एका पक्षानें गाण्यांतून टाकलेल्या कोड्याचें उत्तर दुसऱ्या पक्षानें गाण्यांतूनच द्यावयाचें असतें. आमच्या एका नातलगानें फोन एका जागीं धरून हें सर्व टिपलें आहे. दृश्य एकच, तें बदलत नाहीं. त्यामुळें पाहणाऱ्यास प्रश्न नीट ऐकूं येतो आणि उत्तर काय येणार, ह्याची उत्सुकता लागून राहते.

असो. हे माझे विचार आज जितके ठाम आहेत, तितके पूर्वीं नव्हते. ते ज्या रात्रीं बदलले, त्या रात्रीची हकीकत सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

२२ जुलै २०२१ रोजीं महाडास आलेला महापूर येथील कोणीहि विसरणार नाहीं. त्या वेळीं मी सहावींत होतों. सावित्री व गांधारी ह्या नद्यांचें पाणी गांवांत शिरलें, आणि चढतां चढतां आमच्या घराचा तळमजला बुडाला. शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्हीं आश्रय घेतला. तीन बिऱ्हाडें, लहानमोठीं चौदा माणसें एका खोलींत होतीं. वीज केव्हांच गेली होती. फोनवरून कोणाशींहि बोलतां येत नव्हतें. बाबांच्या फोनमध्यें थोडीशी शक्ति उरली होती, ती उजेडासाठीं जपून ठेवावयाची असें ठरलें होतें. बाहेर काळोख, वर पावसाचा मारा, आणि खालीं आमच्याच जिन्याच्या पायऱ्यांवर पाण्याचा डुबुक डुबुक आवाज. दर थोड्या वेळानें कोणी तरी जाऊन आणखी किती पायऱ्या बुडाल्या तें पाहून येई. त्याच दिवशीं जवळच्या तळिये गांवांत दरड कोसळून ८० हून अधिक माणसें गेलीं, व पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं माणसें मारलीं, हें आम्हांस मागाहून कळलें.

माझी बहीण तेव्हां सहा वर्षांची. ती भ्यालेली होती. रडतां रडतां ती म्हणाली, "दादा, झिंगाट म्हण ना."

मीं आरंभ केला. पहिलें कडवें कसेंबसें झालें, आणि पुढें शब्दच सुचेनात! शेंकडों वेळां पाहिलेलें गाणें. कोणत्या ठेक्यावर कोण उडी मारतो, कोणाचा हात कसा वर जातो, तें सर्व मला दिसत होतें. तोंडांत मात्र कांहीं नव्हतें. मीं तेंच कडवें पुन्हां म्हटलें, तिसऱ्यांदा म्हटलें, आणि थांबलों. बहीण अधिकच रडूं लागली. मला त्या वेळीं जी लाज वाटली, ती आजहि आठवते.

इतक्यांत कोपऱ्यांतून आजी म्हणाली, "रडूं नको ग बाय. हिकडं ये." तिनें बहिणीस मांडीवर घेतलें व हळूहळू ओवी म्हणूं लागली. माझ्या आजीचें माहेर पोलादपूर तालुक्यांतलें. लहानपणीं ती तिच्या आईबरोबर पहाटे जात्यावर बसत असे. तेथल्याच त्या ओव्या. तिलाहि सर्व आठवत होत्या असें नाहीं. परंतु जेथें शब्द सरले, तेथें तिनें नवे घातले. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावते, पोलादपूर, महाड करीत खाली बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. आजीनें तिला सासुरवाशीण केलें. माहेर सोडून निघालेल्या लेकीनें वाटेंत परक्याच्या घरीं असा मुक्काम करूं नये, समुद्राच्या घरीं तुझी वाट पाहत आहेत, आतां निघावें, अशी तिनें नदीची समजूत घातली. त्या अंधारांतहि एका काकींना हसूं आलें. त्यांनीं दुसरी ओवी म्हटली. मग तिसऱ्या कोणी म्हटली.

थोड्या वेळानें समोरच्या गच्चीवरूनहि आवाज येऊं लागला. कोणी तरी रिकाम्या डब्यावर ठेका धरून वामनदादा कर्डकांचें गीत म्हणत होतें. २० मार्चला, १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मृतीसाठीं चवदार तळ्यावर हजारों लोक येतात, तेव्हां अशीं गीतें आम्ही दरवर्षीं ऐकतों. पण त्या वेळीं तीं मोठमोठ्या कर्ण्यांतून येत असतात. त्या रात्रीं एक माणूस आणि एक डबा, इतकेंच होतें. तरी शब्द न् शब्द पाण्यावरून आमच्यापर्यंत आला. आमच्याकडील ओवी थांबली कीं तिकडचें गीत ऐकूं येई. बहीण केव्हां झोंपली तें कोणाच्याच लक्षांत आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पाणी ओसरलें. घरांत गुडघाभर चिखल होता. बाबांनीं तरुणपणीं जमविलेल्या ध्वनिफितींची एक पेटी होती. भावगीतें, पोवाडे, भजनें, सर्व तींत होतें. आम्हीं एकेक फीत पुसून उन्हांत वाळविली. एकहि वाजली नाहीं. बाबा कांहीं बोलले नाहींत; पेटी तेवढी धुवून ठेविली. आजीच्या ओव्या त्या पेटींत नव्हत्या, म्हणून राहिल्या, असा विचार त्या दिवशीं माझ्या मनांत आला.

त्यानंतर मीं दोन गोष्टी केल्या. एक वही घालून तींत आजीच्या ओव्या उतरून घेऊं लागलों. आणि कोणतेंहि नवें गाणें प्रथम डोळे मिटून ऐकावें, असा नियम स्वतःस घालून घेतला. ह्या नियमानें माझीं कित्येक आवडतीं गाणीं यादींतून गळालीं, हें कबूल करितों. पण सगळीं गळालीं नाहींत. 'जोगवा' टिकला, 'तांबडी चामडी' टिकलें. 'झिंगाट'चे शब्द तर मीं बसून पाठ केले, आणि तें मुळांत चांगलें बांधलेलें गाणें आहे अशी माझी खात्री झाली. त्या रात्रीं उणें पडलें तें गाणें नव्हे. मीच तें कधीं ऐकलें नव्हतें. म्हणून वडील मंडळींस माझें नम्र सांगणें असें कीं, त्यांनीं नव्या गाण्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं पडद्याकडे पाठ करून तीं एकदां ऐकावीं. आणि माझ्या मित्रांसहि तेंच सांगणें आहे.

गेल्या भाद्रपदांत आजी वारली. वहींत तिच्या एकेचाळीस ओव्या आहेत. वही वाचतांना एक गोष्ट मात्र ध्यानांत आली कीं, शब्द लिहून घेतले तरी चाल लिहिण्याची विद्या मजपाशीं नव्हती. सुदैवानें बहिणीस ती चाल येते. 'गुलाबी साडी' म्हणून झालें कीं, ती कधीं कधीं त्याच दमांत ओवी म्हणूं लागते, व दोहोंत कांहीं वावगें आहे असें तिला वाटत नाहीं.

माझी सर्वांत आवडती चित्रफीत कोणती, असें वर्गांतील मित्र विचारतात, तेव्हां मी शक्ति-तुऱ्याची सांगतों. तें पूर्णपणें खरें नाहीं. पुराच्या त्या रात्रीं, आजी ओवी म्हणत असतां, मीं बाबांचा फोन हळूच घेऊन चित्रण सुरू केलें होतें. उजेडासाठीं राखलेली शक्ति खर्च केली म्हणून बाबा रागावले, आणि त्यांचें रागावणें योग्यच होतें. चार मिनिटांचें तें चित्रण आहे. त्यांत दिसत कांहींच नाहीं. सर्व काळें आहे. पावसाचा आवाज येतो, पाण्याचा येतो, मधूनच बाबांचा 'फोन ठेव' असा येतो, आणि त्या सर्वांतून आजी नदीस सासरीं जावयास सांगत असते.

वाचकहो, आपल्याहि घरीं कोणी ओव्या, अभंग, पोवाडे जाणणारें वडील माणूस असेल. दिवाळीच्या सुट्टींत त्यांच्यापाशीं एक दिवस बसा, चार ओळी उतरून घ्या, आणि जमल्यास चालहि शिकून घ्या. मीं चाल शिकण्याचें उद्यांवर टाकीत राहिलों. तसें आपण करूं नये, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.