मामा बिझी आहे!

शुक्रवारी रात्री डेडलाइन संपवली, लॅपटॉप मुद्दाम घरीच ठेवला आणि पहाटे पुण्याहून सोलापूरमार्गे तुळजापूर गाठलं. जवळजवळ तीनशे किलोमीटर. कुलदैवतच असल्यामुळे रजेला कुणी कारण विचारत नाही. खरं कारण मात्र वेगळं होतं. तुळजापुरात ताई राहते. तिच्या आठ वर्षांच्या पोराला धनुष्य करून देईन म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा ऐनवेळी क्लायंट आडवा आला. ‘मामा, तू फक्त फोनमध्येच येतोस,’ असं तो म्हणाला. घ्या!

धनुष्याचं खूळ त्याला देवीमुळे लागलं. तुळजाभवानीच्या आठ हातांपैकी एकात धनुष्य आहे, एकात बाण. त्यात २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी बर्लिनला जगज्जेती झाली, तो व्हिडिओ मीच दाखवलेला. पण तिचं कंपाउंड धनुष्य म्हणजे चाकं, केबल असं सगळं यंत्रच. आपल्याला हवं होतं साधं बांबूचं. बाजारात प्लास्टिकचं मिळतं, पण ते घेणं म्हणजे सरळ हार!

ताईच्या ओळखीचे एक बुरूडकाका आहेत. सुपं, टोपल्या आणि जोगव्याच्या परड्या करतात. ‘कमठा व्हय? ल्हानपणी केलता,’ ते हसले. ‘कोयता धरता येतो का?’ मी म्हटलं, माउस येतो.

बांबू निवडला जाड सालीचा, जवळजवळ भरीव. पोकळ चालत नाही. काकांनी चार फुटांचा तुकडा एका फटक्यात उभा चिरला. मी उत्साहानं बाहेरची साल तासून गुळगुळीत केली. दिसायला एकदम स्मार्ट! दोरी ओढली आणि... कट्! ‘अवो, ताकद सालीतच असती!’ काका कळवळले. बांबूचे तंतू बाहेरच्या बाजूला दाट असतात आणि धनुष्य वाकतं तेव्हा ताण तिथेच येतो. नेमके तेच मी कापले होते.

भाचा काहीच बोलला नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या पट्टीच्या सालीला हातच लावला नाही. आतूनच तासायचं, मध्ये मूठ जाड, टोकांकडे पातळ. चार हात मारायचे, दोरी लावायची, लांब धरून बघायचं. जी बाजू ताठ, तीच पुन्हा तासायची. जास्त निघालं तर संपलं, इथे अनडू नाही बॉस! सातपुड्यातले भिल्ल दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची करतात; आम्ही नायलॉनवर भागवलं. तीन तास गेले, बोटांत कुसळं घुसली.

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिस. हात बरबटलेले. भाच्यानं उचलला, ‘मामा बिझी आहे, कमठा करतोय,’ म्हणाला आणि ठेवून दिला. सोमवारी काय व्हायचं ते होईल.

ज्वारीच्या ताटाचा, टोक नसलेला बाण कडब्याच्या गंजीवर सोडला. पंधरा पावलं गेला! भाचा नाचला, मग लगेच म्हणाला, ‘आता माझ्या मित्राला एक.’

निघताना काकांनी बजावलं होतं, रात्री दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर बांबूला बाक बसतो. ती उतरवली का, हे बघायला पोरगं रात्रीत दोनदा उठलं.