स्विच निर्दोष असतो तेव्हा

स्विचवर संशय घेणं सोपं असतं, कारण बोट तिथंच पोचतं. हॉर्न वाजला नाही, सेल्फ लागला नाही, की माणूस बटण दाबतो, मग जोरात दाबतो आणि गॅरेजला येऊन सांगतो, "स्विच गेलाय, नवा टाका." पुष्कळदा स्विच धडधाकट असतो. बिघाड असतो वायरीत, नाहीतर कपलरमध्ये.

मोटरसायकलच्या वायरिंगचं काम रत्नागिरीत करायचं म्हणजे पाऊस आणि खारी हवा दोन्ही अंगावर घ्यायची. तांब्याला हिरवा कळंक चढतो, आणि तो दिसतो तिथं कमी, कपलरच्या आत जास्त. म्हणून मी हत्यार उचलण्याआधी विचारतो. पावसात बंद पडतो की उन्हातही? खड्ड्यात जातो का? गाडी कुठं धुता? प्रेशरचं पाणी हँडलच्या स्विचवर मारलं, की ते आत शिरतं आणि तिथंच बसून राहतं.

मध्ये एक मुलगा आला. म्हणाला, "काका, हँडल डावीकडे वळवलं की सेल्फ लागतो, सरळ ठेवलं की नाही लागत." दुसरीकडे स्विच बदलून झाला होता, फरक शून्य. पण त्याच्या त्या एका वाक्यात अर्धं काम झालं होतं. हँडल कुठं वळलंय हे बटणाला काय ठाऊक? ते वायरीला ठाऊक असतं. कोनसेटजवळ वायरींचा जुडगा रोज वळतो, आणि इथं तर तो प्लॅस्टिकच्या पट्टीनं करकचून आवळला होता. पट्टी कापली आणि एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणली. चांगली वायर ताणली जात नाही, आतलं तांबं तिला धरून ठेवतं. यातली एक रबरासारखी लांबली. बाहेरून चकचकीत, आतून तुटलेली. तेवढा तुकडा काढून त्याच जाडीची वायर घातली. डाख दिलेली जागा ताठ होते आणि वळणावर तिच्याच कडेला पुन्हा तुटते, म्हणून जोड वळणापासून लांब, सरळ भागात नेला. जुडग्याला थोडी ढील ठेवली.

शिकाऊ पोरांना वाटतं, मीटर टूं वाजला म्हणजे वायर चांगली. मला हे फार खटकतं. मीटर त्या वायरीतून जेमतेम काही मिलिअँपिअर सोडतो. मध्ये तीन ओहमचा अडथळा असला तरी तो वाजतोच. पण ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि पेटलेला असताना त्याचा स्वतःचाच अडथळा सातेक ओहम असतो. मध्ये आणखी तीन ओहम आले की उजेड मरतो. म्हणून तपासायचं ते काम चालू असताना. हॉर्नचं बटण दाबून धरायचं आणि मीटरच्या पिना स्विचच्या येत्या-जात्या वायरींना लावायच्या. आकडा शून्याजवळ असला तर स्विच सुटला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर करंट तिथं अडतोय. स्विच सुटला की पुढं कपलर, मग अर्थ.

स्विच खरंच दोषी निघाला, तरी तो लगेच फेकायचा नसतो. फडक्यावर धरून उघडावा, आतला बारीक छर्रा आणि स्प्रिंग उडते. कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर लावू नये, वरचा मुलामा जातो. क्लीनरचा फवारा आणि पेन्सिलच्या खोडरबराची घासणी पुरते. डिपरचा स्विच मात्र आता जास्त सोसतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो. पूर्वी हा ताण फक्त रात्री होता. त्यात कुणी रिले न लावता दोन मोठे हॉर्न मूळ बटणावर जोडले, की कॉन्टॅक्ट काळे पडणारच. आणि उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली, तर मी आधी ती काढतो, मगच बोलतो. फ्यूज वाचला की वायरिंग जळतं.

सगळ्यात जास्त जीव लावून मी बघतो तो मागच्या ब्रेकचा स्विच. तो बंद पडला तरी गाडी चालते, चालवणाऱ्याला काही कळत नाही. पावसाळ्यात आंबा घाटातल्या धुक्यात मागच्या ट्रकला पुढची गाडी थांबतेय हे त्या लाल दिव्यावरूनच समजतं. मिरकरवाड्याहून मासे नेणाऱ्यांच्या गाड्यांवर मागं बांधलेल्या क्रेटमधलं खारं पाणी ठिबकत नेमकं याच स्विचवर येतं. स्प्रिंग गंजून तुटते, पेडल दाबलं तरी दिवा लागत नाही. अशा गाडीला नवा स्विच बसवला की मी क्रेटखाली जाड प्लॅस्टिकचा पन्हाळ बांधून देतो, पाणी डाव्या बाजूनं चाकामागं पडेल असा, आणि मालकाला म्हणतो, "दादा, आठवड्यातून एकदा भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, पेडल दाबा आणि भिंतीवर लाल उजेड पडतो का ते बघा."