काठमांडूहून आजीला

काठमांडू, २४ जुलै २०१७

प्रिय आजी,

पोचले. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. पिंट्या, मोठ्याने वाच आणि मधलं गाळू नकोस. मामांनी निघताना हातात कोंबलेल्या दोन हजारांच्या नोटा इथे कोणी घेत नाही. शंभराची चालते, तिचे इथले एकशे साठ होतात. तू पदराच्या गाठीतून काढून दिलेल्या पाच नोटांनी लाज राखली.

आजचा अख्खा दिवस कस्टमच्या एका खिडकीपुढे गेला. पेटीत हवेचे नमुने घ्यायच्या स्टीलच्या बाटल्या होत्या. साहेब म्हणाले, रिकाम्या बाटल्या युरोपातून कशाला आणल्या? म्हटलं, भरून न्यायला. कशाने? हवेने. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि जेवायला निघून गेले. तीनला परतले, मग हवेची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची यावरून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चहावाला पोरगा म्हणाला, इथली हवा फुकट असते. तेव्हा कुठे शिक्का पडला.

पशुपतिनाथाला तुझा नमस्कार पोचवला. नवसबिवस बोलू नकोस, मी मोजणीच्या विमानात बसतच नाही. त्यात खुर्चीच एक आहे, वैमानिकाची.

३१ जुलै, रात्री

आजी, भात बरा मिळतो इथे, वरणही. पण चिन्नोरचा वास नाही. झाकण काढलं की ओसरीपर्यंत कळतं, तसलं काही नाही. सोबत गुंद्रुक देतात, पाला आंबवून वाळवलेला. चव आपल्या अंबाडीच्या जवळपास जाते आणि तिथेच थांबते. जर्मन मंडळी तिसऱ्या दिवसापासून केळ्यांवर आहेत.

विमान आज तिसऱ्यांदा वर गेलं. पिंट्या, तुझ्यासाठी: नाव जिओफिजिका, रशियन, शेपटीला दोन दांडे. त्याच्या आधीचं भावंड परक्यांचे हेरगिरीचे फुगे पाडायला बांधलं होतं. आपली प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवर असतात, हे वीसपर्यंत चढतं. गच्चीवरून दिसणार नाही, मान मोडून घेऊ नकोस. आम्ही खाली. ते ढगात शिरेपर्यंत बघायचं, मग चार तास पाऊस मोजायचा. यंत्रं आपापली चालतात, बिघडली तर उतरल्यावरच कळतं.

बाबांनी विचारलंय, एवढं वर शोधता काय? पावसाळ्यात तेरा ते अठरा किलोमीटरवर, पार अरबस्तानापासून चीनपर्यंत, बारीक कणांचा एक पातळ थर साचतो. २०११ साली उपग्रहाच्या नोंदींत तो पहिल्यांदा ओळखू आला. कण कशाचे, ते उपग्रहाला नीट सांगता येईना. गेल्या वर्षी आमच्याच कार्ल्सरूहच्या संस्थेतल्या लोकांनी दुसऱ्या एका उपग्रहाच्या जुन्या नोंदी चाळल्या, तर तेवढ्या उंचीवर अमोनिया निघाला. लाख कोटी रेणूंत तीसेक. ते कण त्यातूनच बनतात का, हे बघायचंय. आजी, अमोनिया म्हणजे सकाळी कोठ्याचं दार उघडलं की नाकाला झोंबतो तो वास. पाण्यात चटकन विरघळतो, पावसाबरोबर खाली यायला हवा. पण मोसमी ढगांत हवा इतक्या जोरात वर ओढली जाते की थोडा निसटून जातो, असं मानतात. गोठ्यांतून निघतो, आणि बांधीतल्या युरियातूनही.

हे शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. पण पेनाने लिहिलंय, आणि दुसरा कागद नाही.

८ ऑगस्ट

बाबांचा मेसेज आला: "मग यंदा युरिया टाकू की नको?" बस, एवढाच. पुढे फूल नाही, हसरा चेहरा नाही. दोन दिवस उत्तर लिहून खोडतेय. बाबा, गाळात टाकलेला कमी उडतो, भरल्या पाण्यात टाकलेला जास्त. पाणी उतरवून, दोन-तीन हप्त्यांत टाका, हे तुम्हीच मला धुऱ्यावर बसून शिकवलंत. आपल्या चार बांध्यांतलं किती वर पोचलं, ते कुठलंच यंत्र सांगणार नाही. आणि मी कार्ल्सरूहहून इथवर विमानानेच आले, तेही मोजणाऱ्याने मोजावं. रागावलात का? फोनवर "ठीक आहे" म्हणून रिसीव्हर आईकडे दिलात.

काल राखी, इथे जनै पूर्णिमा. लॉजच्या बाईंनी क्वाँटी दिली. नऊ कडधान्यं मोड आणून एकत्र शिजवतात, ओव्याची फोडणी, वाफाळती, पातळ. आजी, तुझ्या उसळीची लांबची मावसबहीण. दोन वाट्या घेतल्या, तिसरी बाईंनी न विचारता ओतली आणि मला एकदम रडू आलं. त्यांना वाटलं तिखट झालं. रात्री ग्रहण होतं, ढगांमुळे काही दिसलं नाही. तू पाळलंस ना? पिंट्या, राखी लिफाफ्यातच आहे, येताना आणते, ओवाळणी तयार ठेव.

आज सातवं उड्डाण झालं, परवा शेवटचं. बाटल्या भरल्या आहेत. जाताना त्याच खिडकीवरून जायचंय, आणि आता आत काय आहे ते लिहून द्यावं लागणार. त्या रकान्यासाठी एक तास आत्ताच राखून ठेवलाय.

आई, रोवणी उरकली का ते कोणीच लिहीत नाही. गड्यांना डबा कोण नेतं? माझ्या खोलीत परत पोती रचली असतील तर दारातून वाट तेवढी ठेवा. कोठ्याकडच्या खिडकीपाशी काहीही चालेल.