काळ्या दगडातला पांढरा खार

हिंजवडीत उंच इमारतींचे पाये खणताना जो काळा दगड लागतो, तोच बुलढाणा जिल्ह्यातील लोणारलाही आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा बसाल्ट. हिंजवडीवर पडणारा पाऊस त्यातले चिमूटभर क्षार घेऊन मुळेत उतरतो. पुढे भीमा, कृष्णा आणि अखेर समुद्र. लोणारच्या पाण्याला मात्र बाहेर पडायला वाटच नाही!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब जालना, सिंदखेडराजा करीत तेथे पोहोचलो. उल्कापाताने पडलेले हे विवर पावणेदोन किलोमीटरांहून थोडे अधिक रुंद आणि सुमारे दीडशे मीटर खोल आहे. काठावर गोड्या पाण्याची अखंड धार वाहते, आणि तळाशी पाणी खारट! ही किमया साधी आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला कर्बवायू मुरतो व असे पाणी दगडातला सोडियम आणि चुना विरघळवते. तळ्यात उतरलेले पाणी उन्हाने आटते. चुना आधी तळाशी बसतो. मागे राहतात मीठ आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजेच आपला धुण्याचा सोडा. पापडखार त्याच कुळातला. सोड्याचे स्वच्छ खडे उघडे ठेवले, तर अंगचे पाणी गमावून त्यांची पांढरी भुकटी होते.

आमच्या कन्येने कागदावरच्या हळदीवर तळ्याचा एक थेंब टाकला.

“बाबा, कुंकू झालं!” ती ओरडली. क्षाराने हळद लाल होते, हे पुस्तकातले वाक्य असे डोळ्यांसमोर उभे राहिले.

अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारला काच व साबण यांचे साहित्य मिळते, अशी नोंद केली आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून खार दाट झाला, तेव्हा तळे गुलाबी झाले. तो रंग खारप्रेमी सूक्ष्मजीवांचा, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवले. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा मान मिळाला.

अलीकडे मात्र पाणी चढते आहे. काठच्या कमळजादेवीच्या देवळालाही ते भिडले. गोडे पाणी वाढले की खार पातळ होतो, आणि त्याच्याच आधाराने जगणारी सूक्ष्म सृष्टी संकटात येते. एरवी गोडे पाणी म्हणजे जीवन. लोणारला मात्र जीवन जपायचे, तर खारटपणाच जपायला हवा.