डेब्रिंगच्या माळावर

लडाखमधली उपशी, रुमत्से ही गावं करत गाडी तांगलांग ला चढली. खिंडीची उंची सुमारे ५,३०० मीटर. फलकापाशी फोटोसाठी रांग, तीत पुण्याच्या नंबरप्लेटच्या दोन बुलेटही. आम्ही पुढे उतरून डेब्रिंगच्या माळावर थांबलो. हा खारनाकच्या चांगपा या भटक्या पशुपालकांचा मुलूख. चालकही मूळचा इथलाच.

जून म्हणजे पश्म, बकरीची आतली मऊ लोकर, काढण्याचे दिवस. तंबूबाहेर एक आबी, म्हणजे आजी, बकरीचे पाय बांधून, तिला आडवी पाडून लोखंडी फणीनं विंचरत होती. फणीत राखी पुंजके अडकत होते. एका बकरीमागे वर्षाला जेमतेम पाव किलो. राठ केस काढले की त्यातलंही निम्म्याच्या आसपास उरतं. याच लोकरीच्या काश्मिरी शालीची किंमत मला इथं पहिल्यांदा स्वस्त वाटली.

"आबी-ले, गवत कसं यंदा?" चालकानं विचारलं. तिनं नुसती मान हलवली. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं तर उन्हाळ्यात गवत खुरटतं, आणि जास्त पडलं तर असलेलं गवत गाडलं जातं. बकऱ्या व्यायचे दिवसही हिवाळ्याच्या अखेरीचेच. २०१३ साली इथल्या चांगथांग पठारावर हजारो जनावरं अशीच गेली. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिबेटकडची कुरणं तुटली, २०२० च्या गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर सीमेलगतची आणखी काही. आता पांगकडे मोठा सौर प्रकल्प होऊ घातलाय. २०२४ च्या उपोषणात लडाखी कार्यकर्ते सोनम वांगचुक यांनी कुरणांचा हा प्रश्न मांडला होता.

आबीची तक्रार मात्र वेगळीच निघाली. दोन्ही मुलं खाली लेहजवळ, खारनाकलिंग वस्तीत. एक टॅक्सी चालवतो, दुसरा रस्त्याच्या कामावर. सुना वर यायला तयार नाहीत. उणे तीस अंशांत पहाटे उठून कळप कोण सोडणार? मला सुनांचं पटलं. खाली शाळा आहे, दवाखाना आहे. चांगपांची जीवनपद्धती टिकली पाहिजे, असं हॉटेलात चहा घेताना आम्हीच म्हणत होतो. आमच्यातल्या कुणी आपली मुलगी या तंबूत दिली असती?

पश्मला गिऱ्हाईक आहे, भावही बरा मिळतो. कळपामागे चालायला माणूस नाही.

परतताना चालकाला विचारलं, निदान विंचरणीपुरतं तरी वर येत जाशील का?

"पर्यटकांचा हंगामही हाच ना," तो म्हणाला. "जूनमध्ये टॅक्सी उभी ठेवली तर बँकेचा हप्ता कोण भरणार?"