बटणांचा फोन मरतो कशाने?

मी बटणांचा फोन वापरतो. बोलायला आणि चार ओळींच्या निरोपाला. हे ऐकून काहींना मी व्रतस्थ वाटतो, उरलेल्यांना अडाणी. साधेपणाची माळ मी गळ्यात घातलेली नाही आणि जुन्या काळाचे उमाळेही मला येत नाहीत. माझं म्हणणं व्यवहारातलं आहे. साधा फोन हे पूर्ण झालेलं यंत्र आहे, त्याला नवं काही शिकायचं उरलेलं नाही, म्हणून तो टिकतो. तो झिजून क्वचितच जातो. बहुतेक वेळा भोवतालची व्यवस्थाच त्याला निकालात काढते.

टिकाऊपणा कशात असतो हे पाहायचं तर २००३ साली आलेला नोकिया ११०० हातात घ्यावा. भारतासारख्या देशांतली धूळ, घाम आणि अंधार डोळ्यांपुढे ठेवूनच तो घडवला होता. सगळ्या बटणांवर मिळून एकच सलग रबरी आवरण, त्यामुळे फटीतून धूळ शिरायला वाव नाही. कडा घामट हातातून न निसटणाऱ्या. आणि वरच्या टोकाला टॉर्च. जगभरात त्याचे पंचवीस कोटींच्या घरात नग खपले. त्याची बीएल-५सी बॅटरी मागचं झाकण सरकवून हाताने काढता येते. ती आजही तालुक्याच्या गावात मिळते, कारण छोटे एफएम रेडिओ आणि भजनं वाजवणारे डबे तिच्यावरच चालतात. स्मार्टफोनची बॅटरी बहुधा आत चिकटवलेली असते. ती बदलायला कारागीर गाठावा लागतो. पण खरा फरक आतल्या प्रणालीचा आहे. ॲप दिवसेंदिवस जड होत जातात, कंपनी काही वर्षांनी अपडेट थांबवते, मग बँकेचं ॲप जुन्या अँड्रॉइडवर उघडेनासं होतं आणि धडधाकट फोन कपाटात जाऊन पडतो. बटणांच्या फोनवर ही वेळ येत नाही, कारण त्याच्याकडून मागणीच वाढत नाही.

मग तो मरतो कशाने? पहिलं कारण टॉवर. जिओचं जाळं सुरुवातीपासून फोर-जीचं, त्यामुळे जुना टू-जी फोन कितीही ठणठणीत असला तरी त्यावर मुका. दुसरं कारण रिचार्ज. इंटरनेट नको असलेल्या माणसानेही वर्षानुवर्षं डेटासकटच पॅक घेतला, कारण समोर दुसरं काही ठेवलेलंच नसे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नियम बदलला: फक्त कॉल आणि एसएमएसचं किमान एक व्हाउचर प्रत्येक कंपनीने द्यायचं, आणि अशा व्हाउचरची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. पॅक आले, माझ्या मते म्हणावी तशी स्वस्ताई आली नाही. तिसरी अडचण आपल्या लिपीची. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० खुणा बसतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात; एकट्या ‘उद्या’ला पाच खुणा लागतात. त्यामुळे लोक मराठी निरोप रोमनमध्ये लिहू लागले. त्यांना मी दोष देत नाही.

आता आक्षेप. पैशांचं काय? मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे सुरू केलं. इंटरनेट नसलेल्या फोनवरूनही त्याने पैसे पाठवता येतात, आणि ओटीपी तर एसएमएसनेच येतो. मात्र दुकानातला क्यूआर कोड साध्या फोनला दिसत नाही. तिथे रोख द्यावी लागते. नकाशा नाही, हे मान्य. जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवता येत नाही, हेही मान्य, आणि ही उणीव मोठी आहे. ज्याच्या घरात आजारपण आहे किंवा ज्याची रोजीरोटी ॲपवर आहे, त्याने माझं ऐकू नये. सुरक्षिततेचा मुद्दा मात्र लोक उलटा मांडतात. एसएमएस कूटबद्ध नसतो आणि फसवणारा माणूस साध्या फोनवरही गोड बोलू शकतो, हे खरं. पण लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली, ॲप बसवणारी एपीके फाइल या फोनवर उघडत नाही, त्यामुळे ती खातं रिकामं करू शकत नाही.

सगळ्यात जड आक्षेप व्हॉट्सॲपचा, आणि तो यंत्राबद्दल नाहीच. शाळेची सूचना, सोसायटीची नोटीस, गावातल्या पाण्याची वेळ, सगळं ग्रुपवर टाकलं की ‘सर्वांना कळवलं’ असं धरून चालतात. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो ‘सर्वां’तून वगळला गेला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यात माझ्यासारखे हौशी थोडे. स्मार्टफोन परवडत नाही किंवा डोळ्यांनी साथ सोडली म्हणून बटणांवर राहिलेले पुष्कळ. ज्याने स्वखुशीने साधा फोन घेतला त्याने गैरसोय सोसावी, पण या दुसऱ्यांना ती शिक्षा कशासाठी?

म्हणून ग्रुप चालवणाऱ्यांना एक विनंती. यादीत बटणांचे फोन कोणाकडे आहेत ते एकदा विचारून ठेवा आणि त्यांना वेगळा एसएमएस करा. ‘पाणी उद्या सकाळी ७ ते ९’ हा निरोप देवनागरीतही एका एसएमएसात बसतो.